जुने अंक रद्दीत घालू नका

मुलांची मासिके वाचून झाली की थेट रद्दीत जातात. घरीच शिकणाऱ्या मुलांसाठी मात्र ती भाषेचे उत्तम साहित्य आहेत. पुण्यातूनच बालभारती १९७१पासून काढत असलेले 'किशोर' घ्या. दोन पानी गोष्टीची आधी झेरॉक्स काढावी. मूळ पान कापले तर मागचा मजकूर जातो. परिच्छेदांच्या सहा ते आठ पट्ट्या करून मुलाला क्रम लावायला द्यावा. कात्री सरळच चालवावी, नाहीतर मूल अर्थ सोडून वेड्यावाकड्या कडाच जुळवत बसते! 'म्हणून', 'तेवढ्यात', 'दुसऱ्या दिवशी' हे शब्द पट्टीच्या सुरुवातीला यावेत. क्रमाचा धागा तिथेच सापडतो. शेवटची पट्टी लपवून शेवट मुलालाच लिहू द्यावा. सगळ्यात मोलाचे काम हेच. त्या वेळी शुद्धलेखनाच्या चुका मुळीच काढू नयेत, मुलाचा हात आखडतो. पट्ट्या टिकाव्यात म्हणून जुन्या लग्नपत्रिकांवर चिकटवाव्यात. खळ घट्टच हवी, पातळ खळीने कागद सुरकुततो.

शहरातील ग्रंथालयांनी बालमासिकांचे जुने अंक रद्दीत देण्याआधी फलकावर सूचना लावावी आणि पालकांना ते रद्दीच्याच भावात द्यावेत, ही विनंती.

– एक वाचक, पुणे