गुहामापनाच्या वहीचा कागद पारखून घ्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या जिल्ह्यात सगळा काळा पाषाण असल्याने चुनखडीतील लांबलचक गुहांचे मापन शिकू पाहणाऱ्या येथील तरुणांना मेघालय गाठावे लागते. अशाच एका गटाच्या तयारीची बातमी आपल्या दैनिकात वाचली. साहित्याच्या यादीत दोर, हेल्मेट, दिवे यांचा सविस्तर उल्लेख होता. वहीपुढे मात्र ‘वॉटरप्रूफ’ एवढाच शब्द होता. या नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक वह्यांचे केवळ वेष्टन प्लास्टिकचे असते आणि आतली पाने साधीच असतात, म्हणून हे पत्र.

लगद्याच्या कागदावर जलरोधक लेप दिलेली वही ओली असतानाही पेन्सिल उत्तम घेते. पण चिखलाचे हात सतत लागून लेप झिजला की पान फाटू लागते. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा कृत्रिम कागद नळाखाली धुतला तरी टिकतो, परंतु तो गुळगुळीत असल्यास त्यावर पेन्सिल घसरते आणि लिहिलेले अंगठ्याने पुसले जाते. दोन ठाण्यांमधील (मापनासाठी गुहेत ठरवलेल्या बिंदूंमधील) अंतर, होकायंत्राचा कोन, चढ-उताराचा कोन आणि डावी, उजवी, वरची, खालची मोकळी जागा एवढे सगळे एकाच ओळीत लिहायचे असते. त्यातला 3 पुसटून 8 वाटला, तर पुढची सगळी गुहा नकाशात भलतीकडे वळते. त्यामुळे माझा कौल खरखरीत पृष्ठभागाच्या कृत्रिम कागदाला आहे. पारख करायला सोलापूरकरांना दूर जायला नको: पानावर आकडे लिहून ते रात्रभर बादलीत बुडवावे, सकाळी शेतातली काळी चिकण माती चोळून धुवावे आणि आकडे वाचून पाहावेत.

मापनाचा तक्ता छापून घेणार असाल, तर छपाईवाल्याला कागदाची जात आधी सांगावी. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळते आणि लेझर प्रिंटरमधील उष्णता त्याहून जास्त असू शकते. नकाशा रेखाटण्यासाठीच्या चौकटी ५ मि.मी.च्या असाव्यात, म्हणजे १:२०० प्रमाणात एक चौकट बरोबर एक मीटरची होते.

शिवलेल्या वहीपेक्षा रिंगमधील सुटी पाने बरी, कारण भरलेली पाने रोज मुक्कामी काढून ठेवता येतात आणि वही डोहात गेलीच, तर एका दिवसाचेच काम बुडते. लेझर मापकाचे आकडे हल्ली थेट फोनमध्ये जातात हे खरे. पण चार्जिंग संपल्यावर हाताशी वहीच उरते. पेन्सिल वहीला दोऱ्याने बांधावी, दुसरी खिशात असू द्यावी आणि जेल पेन घरीच ठेवावे.

आपला,
एक वाचक, सोलापूर