सट्ट्याच्या पेढीपुढे कोणाचेच भांडवल पुरत नाही: पालकमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पालकमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आमच्या गावच्या सभेत आपण शब्द दिला होता की पावसाळ्यापूर्वी तालुक्यात सट्ट्याची एकही पेढी उघडी राहणार नाही. पावसाळा सरला, कापूस वेचून विकलाही गेला, आणि बसस्थानकामागची पेढी आजही सकाळपासून गजबजलेली असते. दहा क्विंटल कापसाचे ऐंशी हजार रुपये माझ्या भाच्याने महिनाभरात तिथेच घालवले. त्यातून सालदाराचे राहिलेले पैसे द्यायचे होते आणि सोसायटीचे कर्ज फेडायचे होते. बहिणीने आता गळ्यातली पोत गहाण टाकली आहे.

भाचा मला सांगतो, "मामा, आकडा लागणारच होता, भांडवल कमी पडलं." मी गणिताचा निवृत्त शिक्षक आहे आणि हे वाक्य मी गावातल्या अनेक घरांतून ऐकले आहे, म्हणून त्याचा हिशेब आपल्यापुढे मांडतो.

सट्ट्यात दहा अंकांतून एक अंक निघतो आणि त्या अंकावर दहा रुपये लावणाऱ्याला नव्वद मिळतात. म्हणजे लावलेल्या दर दहा रुपयांतला एक रुपया सरासरीने पेढीकडेच राहतो. ऐंशी हजार घेऊन बसलेला माणूस दर वेळी हजार रुपये लावत राहिला आणि जिंकलेलेही पुन्हा लावत गेला, तर सरासरी आठशे डावांत त्याच्याकडे काही उरत नाही. भांडवल दुप्पट केले तर डाव सोळाशे होतात, शेवट बदलत नाही. त्यातही सलग वीस वेळा अंक न लागण्याची शक्यता बारा टक्के आहे, आणि अशा वेळी हरलेले भरून काढण्यासाठी रक्कम वाढवत नेणाऱ्याची पुंजी, भाच्याची गेली तशी, काही आठवड्यांत जाते. पेढीने एक रुपयाही न कापता अगदी समसमान खेळ लावला, तरी ऐंशी लाखांच्या पेढीसमोर ऐंशी हजारांचा माणूस कोणीतरी एक संपेपर्यंत खेळत राहिला, तर शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा संपणारा तोच असतो. हे गणित सतराव्या शतकातल्या पास्काल या फ्रेंच गणितज्ञाच्या काळापासून माहीत आहे. आमच्या पोरांना ते कोणी सांगितले नाही, आणि ज्यांना ते माहीत आहे ते पेढीच्या गल्ल्यावर बसले आहेत.

पेढीबद्दल विचारल्यावर, आखाजीला खान्देशात ओट्याओट्यावर पत्ते रंगतातच, हे उत्तर मला एका अधिकाऱ्याने दिले. महोदय, त्या पत्त्यांत पैसा गावातल्या गावात एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो, मधे कापणारा कोणी नसतो आणि सण संपला की डाव मोडतो. पेढी बारा महिने कापते. तालुक्यात रोज पाच लाखांचे आकडे लागतात, असे लोक बोलतात. ते निम्मे धरले तरी पेढीकडे राहणारा दहावा हिस्सा म्हणजे रोजचे पंचवीस हजार, वर्षाचे नव्वद लाख रुपये शेतकऱ्या-मजुरांच्या घरांतून निघून जातात. एवढ्या कमाईपुढे अधूनमधून भरलेला दंड म्हणजे पेढीवाल्याच्या वहीतला किरकोळ खर्च आहे.

जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठरवला. मोबाइलमधला जुगार दिल्लीला दिसतो आणि बसस्थानकामागचा जुगार चार पावलांवरच्या चौकीला दिसत नाही, हे आम्ही कसे मानावे? छापा पडतो तेव्हा आकडा लावणारे हमाल आणि रिक्षावाले पकडले जातात. मालक त्या दिवशी गावात नसतो. त्याला आधी कोण कळवते?

आणि शासन स्वतः १९६९ पासून लॉटरी विकत आहे. तिकिटावर बक्षिसाची रक्कम ठळक छापता, तर लागण्याची शक्यताही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा आणि शंभर रुपयांच्या विक्रीतले किती रुपये बक्षिसांत परत जातात तेही लिहा. शासनच हा हिशेब झाकून ठेवत असेल, तर पेढीवाल्याने तो का सांगावा?

पेढी कोणत्या तारखेला बंद होणार आणि तिच्या मालकावर कोणते कलम लावणार, हे मला लेखी कळवावे. यापुढे तोंडी आश्वासन मी स्वीकारणार नाही.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक