ठेका धरून कविता ऐकायला शिकवणाऱ्या काकांस

ती. स्व. काका,
शि. सा. नमस्कार.

कवी बा. सी. मर्ढेकरांवरचा माझा निबंध पुरा झाला. त्यातलं सगळ्यात जिवंत पान तुमच्या गॅलरीत तयार झालं, आणि निबंधात ते सांगायला जागा नव्हती, म्हणून हे उघड पत्र.

‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ ही कविता मी पंधरा दिवस मुक्तछंद समजून वाचत होते. ‘काही कविता’ हा १९४७ चा संग्रह, नवकाव्य म्हणजे वृत्त मोडलेलं, असं डोक्यात पक्कं बसलेलं. तुम्ही तबल्यातले. “मोठ्यानं वाच बघू,” म्हणालात आणि मांडीवर केरवा ताल धरलात. आठ मात्रा, पुन्हा आठ. ओळीमागून ओळ बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येत गेली आणि माझ्या अंगावर काटा आला. घरी जाऊन लघु-गुरू मोजले, लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. ओळीला सोळा मात्रा. म्हणजे पादाकुलक वृत्त!

‘उंदिर’, ‘गरिब’, ‘देउन’ हे छपाईत चुकलंय का, असं मी विचारलं होतं. तुम्ही ‘उंदीर’ म्हणून दाखवलंत आणि ठेका एका मात्रेनं लंगडला. त्याच कवितेत ‘धुऊन घेउन’ आहे. पहिल्यात ऊ दीर्घ, दुसऱ्यात उ ऱ्हस्व, आणि दोन्ही शब्द चार-चार मात्रांचे.

पण मी कायमची ऋणी आहे ती तुमच्या एका प्रश्नासाठी. “ओलं काय आहे गं, पिंप की उंदीर?” ‘ओल्या’ हे पिपाचं विशेषण, ते पुढे सरकलंय, मी म्हटलं, वृत्तासाठी केलं असेल. तुम्ही लगेच ‘ओल्या पिपांत मेले उंदिर’ असं म्हणून दाखवलंत. तेही आठ-आठच! म्हणजे वृत्ताची काहीच सक्ती नव्हती. तो शब्द उंदरांना खेटून बसवलाय, आणि पिंपातली ओल त्यांच्या अंगावर आलीय.

सक्तीवरून आठवलं, हे तुम्हाला सांगायचं राहिलंय. चौथी ओळ ‘आसक्तीविण’वर संपते आणि पुढे येतं, ‘जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे’. आसक्तीच्या पोटातच सक्ती आहे, काका! आधी आसक्ती गेली, मागे नुसती सक्ती उरली. इथे यमक जुळवायचा प्रश्नच नाही, अख्खी ओळच परत येते. बदलतो फक्त पहिला शब्द. त्यातला ‘पण’ एकदा ‘सुद्धा’सारखा आणि एकदा ‘परंतु’सारखा म्हणून दाखवलात, तेव्हापासून मला तो एका अर्थानं वाचताच येत नाही.

आणि ‘बेकलायटी, बेकलायटी!’ एकच शब्द, आठ मात्रांची दोन आवर्तनं भरून. तुम्ही उठून जिन्यातलं जुनं काळं बटण दाबलंत, “हे बेकलाइट, जुनं कडक प्लास्टिक.” खट्. ‘मधाळ पोळें’च्या मागोमाग तो आवाज मला आता दर वेळी ऐकू येतो.

निबंधाची प्रत घेऊन रविवारी येते. शेवटच्या ‘न्हाले! न्हाले!’मधल्या दुसऱ्या ‘न्हाले’वर आवाज चढवायचा की सोडून द्यायचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. डग्गा बाहेर काढून ठेवा.

आपली,
खालच्या मजल्यावरची