गाठोड्याचं फडकं आणि लेवीयचा एकोणिसावा अध्याय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत नुकताच हंगामाचा, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायचा, सण झाला. वेदीपुढे मोसंबीच्या टोपल्या, मक्याची कणसं, लाल भोपळे, फुटलेली कापसाची बोंडं, पाय बांधलेला एक कोंबडा. उपासना संपल्यावर अंगणात लिलाव झाला. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत ज्यांची सोयाबीन शेतातच कुजली, तेही काही ना काही घेऊन आले होते. मी 501 रुपये पाकिटात घालून ठेवले. मागच्या वर्षीही तेवढेच ठेवले होते, आणि हे पत्र त्या मागच्या वर्षीच्या पैशांबद्दल आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका होते. निवृत्त झाल्यापासून घरची चार एकर शेती मीच पाहते, कापसाचा काटाही मीच धरते. मागच्या हंगामात सहा बाया वेचणीला होत्या. दर किलोला दहा रुपये. संध्याकाळी प्रत्येकीचं गाठोडं काट्याला लागलं की एक किलो वजा करून मी वहीत आकडा लिहायची. फडक्याचं वजन आणि दवाची ओल, असा त्या किलोचा हिशेब. हा किलो मी ठरवलेला नव्हता. सासऱ्यांच्या वेळेपासून तसंच चालत आलं होतं, आजूबाजूच्या रानातही तसंच चालतं.

यंदा पहिल्या वेचणीला त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईने गाठोडं सोडलं, कापूस ढिगावर पालथा केला आणि फडकं झटकून घडी घालता घालता म्हणाली, "बाई, ह्ये एवढं किलोचं असतंय का ओ?" भांडणाचा सूर नव्हता. जुन्या सुती साडीचा अर्धा तुकडा होता तो, धुऊन धुऊन विरलेला. मी काही बोलले नाही, पण घरी जाताना तसलंच एक फडकं सोबत घेतलं आणि किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. 380 ग्रॅम. राहिली ओल. वेचणीला सकाळी दव असतं हे खरं, पण दिवसभर उन्हात बांधावर पडलेल्या गाठोड्यात संध्याकाळी दव कुठून येणार?

रात्री मागच्या वर्षीची वही काढली. सहा बाया, सतरा दिवस, रोज एकीचं एक गाठोडं, म्हणजे 102 गाठोडी. प्रत्येकात 620 ग्रॅम जास्तीचे कापलेले. त्रेसष्ट किलोच्या वर कापूस, 632 रुपये. मी आयुष्यभर मुलांना वजाबाकी शिकवली आहे, त्यामुळे उत्तर चुकलं असेल अशी आशा धरायलाही जागा नव्हती. वेदीवर ठेवलेले 501 रुपये या 632 मधून सहज निघत होते.

आमच्यात पवित्र शास्त्र घरोघरी आहे. सकाळी मोबाइलवर वचन येतं, फुलांच्या चित्रावर छापलेलं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतही वचन असतं. "शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर" हे तर लहान मुलांनाही पाठ असतं, कारण प्रभू येशूने ते सर्वांत मोठ्या आज्ञांमध्ये धरलं. पण प्रभूने ते घेतलं कुठून? बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातून, अठरावं वचन. त्याच अध्यायाचं नववं आणि दहावं वचन सांगतं की शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत सगळं कापून नेऊ नका, मागे राहिलेला सरवा वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या. तेरावं सांगतं की मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नका. पस्तिसावं आणि छत्तिसावं वजन-मापाबद्दल आहे: तराजू खरा असावा, वजनं खरी असावीत. हे सगळं एका पानावर आहे, आणि दिनदर्शिकेवर आपण त्यातलं फक्त अठरावं उचललं. शेजाऱ्यावर प्रीती म्हणजे शेतात नेमकं काय करायचं, ते शास्त्राने आधीच्या नि नंतरच्या ओळींत सांगून ठेवलं होतं. मी ते कितीदा वाचलं असेल! वहीतला किलो मात्र तसाच राहिला.

हे मी मंडळीत बोलून दाखवलं. मंडळीचा कारभार पाहणारे एक वडील म्हणाले, "बाई, ते नियमशास्त्र झालं, आपण आता कृपेखाली आहोत." म्हणजे जुन्या करारातले नियम आता आपल्याला बांधत नाहीत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण हे उत्तर मला पटत नाही. याकोबाचं पत्र नव्या करारातलं आहे. त्याच्या पाचव्या अध्यायात, शेतं कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ते ओरडणं देवाच्या कानी गेलं आहे, असं स्पष्ट लिहिलं आहे. कृपेने माझं पाप झाकलं असेल, बायांचे 632 रुपये झाकलेले नाहीत.

मजुरीची गोष्टही अशीच. "कापूस विकला की देते" असं म्हणून मी पंधरा-वीस दिवस सहज लोटायची. जुन्या करारातल्याच 'अनुवाद' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितलं आहे आणि कारणही दिलं आहे: तो गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशात गुंतलेला असतो. आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी दारात उभ्या राहिलेल्या बाईचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

शेतकऱ्याची अडचण मी जाणते. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव 8,110 रुपये क्विंटल होता आणि दारात आलेला व्यापारी मला सात हजारच म्हणाला. शिवाय ओलीच्या नावाखाली त्यानेही वजन कापलं. मला राग आला, मी भांडले. भांडताना आपलेच शब्द ऐकू येत होते.

सरव्याबद्दल थोडं लिहिलं पाहिजे, कारण ती माझ्या घरची गोष्ट आहे. बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या साली पाऊस चांगला झाला, पण आमच्याकडे जमीन नव्हती. आई मला घेऊन लोकांच्या काढलेल्या रानात भुईमुगाचा सरवा वेचायला जायची. काही जण बांधावरूनच हाकलायचे. आईला अक्षरओळख नव्हती, पण बायबल बाईंकडून, म्हणजे घरोघरी जाऊन शास्त्र सांगणाऱ्या बाईंकडून, तिने रूथची गोष्ट ऐकली होती. मवाबातून आलेली परकी विधवा, बवाजाच्या शेतात सरवा वेचते, आणि बवाज आपल्या माणसांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं तिच्यासाठी टाकत चला. आई म्हणायची, "रूथनं वेचला, आपण बी वेचू. लाज कशाची?" पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं शास्त्र सोप्या मराठीत आणलं, ते साध्या बायाबापड्यांना समजावं म्हणूनच. माझ्या आईला ते समजलं होतं. त्याच आईची मुलगी सोयाबीन काढल्यावर रानाला कुलूप घातल्यासारखी वागत होती.

जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेव्हा निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर देवळाबरोबर शेतीही उभी राहिली. या भागातल्या ख्रिस्ती माणसाचा विश्वास आणि त्याचं रान सुरुवातीपासून जवळजवळ आहेत. म्हणून माझी मंडळीच्या पंचांना विनंती आहे, पुढच्या हंगामाच्या सणाला लिलावाआधी लेवीयचा एकोणिसावा अध्याय पहिल्या वचनापासून शेवटच्या वचनापर्यंत वाचून दाखवा. गाळू नका. आणि जे ख्रिस्ती नाहीत पण मजूर लावतात, त्यांनीही एकदा रिकामं फडकं तोलून बघावं, एवढंच मागणं आहे. वेचणीला येणाऱ्या बाया सगळ्या जातीधर्मांच्या असतात.

मागचे पैसे मी परत दिले, प्रत्येकीला 110. देताना कारण सांगायला जीभ जड झाली, पण सांगितलं. जिने प्रश्न विचारला होता तिने नोटा न मोजता कनवटीला लावल्या आणि विचारलं, "उद्या किती वाजता यायचं?"

आता काटा खळ्यातल्या लिंबाला टांगते, आकडा बायांना दिसेल असा. फडकी सकाळीच तोलून ठेवते. मजुरी दिवेलागणीच्या आत हातात देते. त्यासाठी दोन क्विंटल कापूस कमी भावात लवकर विकावा लागला, तो विकला. पुढच्या महिन्यात तूर निघेल. रास घरी गेली की रान सरव्याला मोकळं आहे, हे वस्तीवर सांगून ठेवलं आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. बदनापूर, जि. जालना