मेलेली प्रत्येक कोंबडी मानमोडीनेच मेलेली नसते

संपादक साहेब, नमस्कार,

आमच्या परसात गावठी कोंबड्या सासूबाईंच्या वेळेपासून आहेत. गेल्या पावसाळ्यात मी 30 पिल्लं विकत आणली आणि महिनाभरात रोज एकदोन मरायला लागली. शेजारणी म्हणाल्या मानमोडीची साथ आली, हळद घाल, लसूण घाल, पण मान वाकडी नाही, हिरवी हगवण नाही, पिल्लं नुसती पंख पाडून गप्प बसायची आणि सकाळी खुराड्यात मरून पडलेली असायची. शेवटी एक मेलेलं पिल्लू पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं तर "कोंबडी कशाला आणली, दुसरी घ्या" म्हणून परत पाठवलं. फार लागलं ते मला.

मग ओळखीतल्या एका रिटायर डॉक्टरांनी हातमोजे घालून अंगणातच फाडून दाखवलं. हृदयावर, कलेजीवर खडूची भुकटी शिंपडल्यासारखा पांढरा थर आणि मूत्रपिंडं सुजलेली. म्हणाले, हा गाऊट, खायला काय घालता? मी चांगलं असतं म्हणून लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य घालत होते! त्यात अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, पिल्लाला एक टक्का बास, जादाचं मूत्रपिंडाला झेपत नाही आणि मग युरिक ॲसिड बाहेर न पडता आतल्या अवयवांवर साचतं. खाद्य बदललं, आठवड्यात मर थांबली, पण तोवर 11च उरली होती.

नंतर तीन वर्षांची तांबडी गेली. पोट फुगलेलं, पाय फाकून चालायची, अंडी बंद. फाडल्यावर पोटात पिवळं पाणी आणि उकडल्यासारख्या बलकाच्या गुठळ्या, म्हणजे बलक अंड्याच्या नळीत न जाता पोटातच पडत होता. हे लागण होणारं नव्हतं, तरी लोक म्हणत होते सगळ्या कोंबड्या कापून टाका.

मानमोडी म्हणजे राणीखेत, ती खरीच वाईट, लस द्यायलाच पाहिजे, पिल्लू पहिल्या आठवड्यात असताना लासोटा नावाची आणि दोन महिन्यांच्या सुमारास आरटूबी नावाची. पण बाटली येते 100 डोसची, कालवली की तासा-दोन तासात संपवायची, मग दहा कोंबड्यांची बाई काय करणार? गावात एक दिवस ठरवून सगळ्यांच्या कोंबड्यांना एकदम दिली तर एक थेंब वाया जात नाही.

एक मात्र सांगते, एकदम खूप कोंबड्या मेल्या तर घरी फाडायचं नाही, उघड्या हाताने उचलायचं पण नाही, लगेच पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. 2006 ला नवापूर आणि जानेवारी 2021 ला परभणीचं मुरुंबा, बर्ड फ्लू आपल्याकडे येऊन गेलाय.

खात्याला एवढीच विनंती आहे की तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्यातला एक वार कोंबड्यांच्या पोस्टमॉर्टेमला ठेवावा, लसीचा दिवस गावात दवंडी देऊन सांगावा आणि मेलेली कोंबडी घेऊन आलेल्या बाईला दारातून परत पाठवू नये.

आपली एक वाचक