आयुक्त महोदय, पाण्याच्या उत्सवाला चावीवाल्यांना बोलवा

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,

सविनय नमस्कार.

पालिकेच्या शाळा आणि नळाचं पाणी, दोन्ही आपल्याच अखत्यारीत. पण शिक्षण खातं आणि जल अभियंता खातं यांची अजून ओळख झालेली नसावी, असं शाळांमधले 'पाणी वाचवा' कार्यक्रम पाहून वाटतं. २२ मार्चला जागतिक जल दिन येतो. गळका नळ, भेगाळलेली जमीन आणि रडणारी पृथ्वी अशी ठरलेली चित्रं पोरं रंगवतात, पहिल्या तिघांना प्रमाणपत्र, बाकीच्यांना बिस्किटाचा पुडा. घरातलं पाणी येतं कुठून, असं विचारलं तर उत्तर मिळतं, "टाकीतून."

माझी मागणी अशी, की दरवर्षी १ ऑक्टोबरच्या आठवड्यात वॉर्डावॉर्डात पाण्याचा उत्सव भरवावा. त्या तारखेला मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सातही तलावांत मिळून साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या आसपास साठा असला, तर वर्षभर कपात नको, हा आपलाच हिशेब. पाण्याचा पाडवाच म्हणा हवं तर. गणपती नुकतेच उरकलेले असतात, मंडळांकडे मांडव, स्पीकर आणि कार्यकर्ते असतातच.

भाषणं ठोकणारे पाहुणे मात्र नकोत. गल्लोगल्ली पाणी सोडणाऱ्या पालिकेच्या चावीवाल्यांना बोलवा. रस्त्यातलं झाकण उचलून ते ती लांबलचक लोखंडी चावी खाली सोडतात आणि आटे फिरवतात. किती आटे, यावर तिसऱ्या मजल्यावर पाणी चढणार की नळ नुसता फुसफुसणार हे ठरतं. अमुक गल्लीला आधी आणि तमुक गल्लीला नंतर का, हे मुलांनी त्यांनाच विचारावं. (आम्हा पालकांनाही विचारायचंच आहे.)

घरी करायला एक काम द्यावं. पाण्याची वेळ नसताना, पंप बंद ठेवून, मोठ्या माणसाला सोबत घेऊन इमारतीच्या तळटाकीत काठी बुडवायची आणि ओल कुठवर आली ते पाहायचं. तासाभराने पुन्हा. ओल खाली उतरली असेल तर टाकी गळतेय. सोसायटीच्या सेक्रेटरींना हे पाचवीतल्या पोराने सांगितलेलं जास्त झोंबेल.

शाळेआधी हंडे भरून येणाऱ्या मुलीला मात्र 'पाणी जपून वापरा' शिकवू नका. एका हंड्यात काय काय भागतं, ते तिनेच शॉवरखाली आंघोळ करणाऱ्यांना सांगावं.

आणि शहापूर तालुक्यातल्या मुलांनाही बोलवा, येण्याजाण्याचा खर्च पालिकेने करावा. मुंबईच्या हद्दीतले विहार आणि तुळशी धरले तर एकूण साठ्याच्या जेमतेम अडीच टक्के. बाकीचं पाणी ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांतलं. भातसा आणि तानसा हे तलाव याच शहापूर तालुक्यात, तरी तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आमच्या मुलांना हे त्या मुलांच्या तोंडून ऐकताना अवघडल्यासारखं होईल. होऊ दे.

सगळीकडे एकदम जमणार नसेल तर आमच्या एफ दक्षिण वॉर्डापासून सुरुवात करा, इथे मंडळांना तोटा नाही. फक्त चावीवाल्यांची त्या दिवसांची हजेरी ड्युटी म्हणून लावायला सांगा. साप्ताहिक सुट्टीत फुकट बोलावलं तर ते यायचे नाहीत, आणि का यावं?

कळावे,
लालबागमधील एक पालक