आरसा घासायला घेण्याआधी

पुणे

प्रिय विनू,

दुर्बिणीच्या आरशाची काच आली हे वाचून बरं वाटलं. १५० मिमी व्यास आणि २५ मिमी जाडी, म्हणजे पहिल्या आरशाला अगदी बेताची. एफ/८ च कर, म्हणजे नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जिथे जुळते तिथपर्यंतचं) व्यासाच्या आठपट. ते १२०० मिमी येईल, नळी लांब होईल, पण त्या बदल्यात शेवटच्या टप्प्यात डोकं कमी पिकेल. मध्यावर खोलगटपणा लागतो फक्त १.१७ मिमी. स्टीलची पट्टी आरशावर आडवी धरायची आणि मध्यावर गॅरेजवाल्यांकडचं फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचं माप) सरकवून बघायचं.

दुसरी काच, म्हणजे टूल, खाली, आरसा वर. वरची काच पुढे-मागे सरकताना तिचा मध्य टूलच्या कडेवर दाबला जातो, म्हणून वरची खोलगट होते आणि खालची फुगीर. वाळू भरलेलं पिंप मिळालं तर त्याच्याभोवती फिरत घास, नाहीतर जड टेबलाचा कोपरा चालेल, पण मग टूल थोड्या थोड्या वेळाने फिरवायला विसरू नकोस. पाच-सहा हात मारले (एक हात म्हणजे एकदा पुढे-मागे) की आरसा हातातल्या हातात थोडा वळवायचा आणि आपण एक पाऊल बाजूला सरकायचं. ही दोन फिरणी चुकली की आरसा एका दिशेला जास्त वाकतो, आणि तो दोष पॉलिशने जात नाही.

सुरुवातीला ८० नंबरचं कार्बोरंडम, म्हणजे काच घासायची कडक पावडर; नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. अर्धा चहाचा चमचा पावडर, थोडं पाणी, आणि आरसा मध्यापासून बाजूला काढून दाब देत हात मार. कर्र कर्र आवाज मऊ झाला की दाणे मेले. चिखल पुसून नवी पावडर घे. खोली भरत आली की बाजूचे हात बंद, मध्यावरून मध्यावर सरळ हात सुरू. एकूण सरक ५० मिमी, म्हणजे आरसा दोन्ही टोकांना २५ मिमी बाहेर येतो. पुढे १२०, २२०, ३२०, ५०० आणि मग बारीक अॅल्युमिना. त्याआधी आणि मधून मधून पाणदगडाने कडेला दीड-दोन मिमीची तिरकी धार काढत राहा. ती झिजून संपली की कडेचा टवका उडतो, तो दोन काचांमध्ये सापडतो आणि मग चर पडतो.

खरी मेख नंबर बदलताना आहे. आधीच्या नंबरचे खड्डे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. कडेजवळ पेनाने खूण करून तिथे भिंगातून बघ. मध्य आधी साफ होतो, कड सगळ्यात शेवटी. मग धुणं. टेबलावरचे पेपर फेकून दे, बादली-फडकी बदल, नखं घास, पूर्ण बाह्यांचा शर्ट असेल तर तोही उतरव. ८० नंबरचा एक दाणा ५०० मध्ये आला की सगळा आरसा परत मागे जातो. बारीक नंबरात पाणी सुकू देऊ नकोस, काचा एकमेकींना चिकटतात. चिकटल्याच तर कोमट पाण्यात बुडवून ठेव आणि बाजूने सरकव. पाना-पेचकसाने उचकटायला गेलास की कड गेलीच समज.

आता पिच, म्हणजे पॉलिशसाठी टूलवर द्यायचा डांबरासारखा थर. मंद आचेवर वितळव. मऊ करायला टर्पेंटाईन घालायचं असेल तर आधी गॅस बंद कर, वाफ पेटते. पिचचा थेंब पाण्यात थंड करून नखाने दाब: जोर लावल्यावर हलकी खूण पडली तर ठीक, नख सहज रुतलं तर फारच मऊ. तुझ्याकडे नागपूरच्या उन्हाळ्यात जरा कडकच लागेल. टूलभोवती कागदाची भिंत करून ६-७ मिमी जाड ओत, कोमट ओला आरसा ठेवून दाब, आणि २५ मिमीचे चौकोन कापून चर पाड. चौकोनांचा मध्य टूलच्या मध्यावर येऊ देऊ नकोस. नाहीतर आरशावर वलयं उठतात.

पॉलिशची पावडर, म्हणजे सिरियम ऑक्साईड, पाण्यात दुधासारखी पातळ कर. कड झुकली असं दिसलं तर कारणं तीनच बघ: पिच मऊ, हात लांब, किंवा बोटांचा दाब कडेवर. घाईने ती सुधारत नाही. आधी पिच रात्रभर थंड दाबून ठेव.

तपासणी फूकोच्या पद्धतीने: बारीक दिव्याचा प्रकाश आरशावरून परत येतो तिथे ब्लेडने तो कापायचा आणि आरशावरची सावली बघायची. ब्लेड आरशापासून २४०० मिमीवर, नाभीय अंतराच्या दुप्पट. पॉलिशनंतर लगेच बघू नकोस, हाताची ऊब काचेत असते आणि खोटे उंचवटे दिसतात. तासभर तरी थांब. अचूक गोलाकार आरसा एकदम सगळीकडून सारखा काळवंडतो. पॅराबोलाला (दुर्बिणीला शेवटी हवा तो, गोलापेक्षा मध्यावर किंचित खोल आकार), दिवा स्थिर आणि ब्लेड हलतं असेल तर, मध्य आणि कड यांच्या नाभींमधला फरक २.३ मिमीच्या आसपास यायला हवा. दोन्ही एकत्र हलत असतील तर त्याच्या निम्मा. गोल आणि पॅराबोला यांत काचेचा फरक कडेशी ०.३ मायक्रॉनही नाही, त्यामुळे लांब हात मिनिट-दोन मिनिटं मार, थांब, बघ, परत मार. माझं मत विचारशील तर एफ/८ ला नुसता चांगला गोल आरसाही पहिल्यांदा पुरे. वाकडा पॅराबोला करण्यापेक्षा तो बरा.

मुलाम्याची, म्हणजे काचेवरच्या चकचकीत धातूच्या थराची, घाई नको. साधी काच चारेक टक्के प्रकाश परत देते, तपासणीला तेवढा भरपूर आहे. फूकोची पहिली सावली दिसली की फोटो पाठव, कुठे फुगलंय ते बघू. वहिनींना नमस्कार, आणि त्यांच्या पातेल्यात पिच वितळवू नकोस.

तुझा,
अरुण